महिन्याच्या मापात न मावणारा खर्च

२०११-१२ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अडुसष्टाव्या फेरीत देशभरातल्या कुटुंबांना घरखर्च विचारला गेला. प्रश्नावल्या दोन होत्या आणि दोन्ही प्रत्येकी लाखाहून अधिक कुटुंबांपुढे ठेवल्या गेल्या. पहिलीतून सगळ्याच खर्चाचा ‘गेल्या तीस दिवसांत किती?’ असा हिशेब काढता येत होता. दुसरीत भाजी, फळं, तेल, अंडी, मासे, मसाले, चहा-फराळ, पान-तंबाखू यांसाठी गेले सात दिवस विचारले होते, कपडे, चपला, शिक्षण, इस्पितळ आणि टिकाऊ वस्तूंसाठी गेले ३६५ दिवस, आणि उरलेल्या बाबींसाठी तीस दिवस. तीस दिवसांच्या हिशेबाने शहरातला माणशी मासिक खर्च सुमारे २,३९९ रुपये निघाला, तर दुसऱ्या प्रश्नावलीने २,६३० रुपये. ग्रामीण भागात हेच आकडे १,२७९ आणि १,४३० होते. देश तोच, वर्ष तेच, बाजारभाव तेच. प्रश्नातली मुदत तेवढी बदलली आणि खर्च शहरात जवळपास दहा टक्क्यांनी, खेड्यात जवळपास बारा टक्क्यांनी वाढला.

हे दहा-बारा टक्के कुणी लपवले नव्हते. ते आठवले नव्हते, एवढंच. घराघरांत महिनाअखेरीला ‘पैसे गेले कुठे?’ हा जो प्रश्न पडतो, त्यातले बरेचसे पैसे याच फटीतून गेलेले असतात. पण आपण दोष देतो तो स्वतःच्या सैल हाताला, मुलांच्या हट्टाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी. पुढच्या महिन्यासाठी आणखी कडक बजेट आखतो आणि ते पंधरा तारखेच्या आसपास मोडतं. बजेट पाळायला मनोनिग्रह लागतो हे खरं आहे, पण बहुतेक घरांत बजेट त्याआधीच, आखतानाच चुकलेलं असतं. तीन वेगवेगळ्या गतींनी होणारा खर्च आपण महिना या एकाच मापात कोंबायला बघतो. भारतातल्या संख्याशास्त्रज्ञांना हे कळायला पन्नास वर्षं लागली, आणि त्यांनी काढलेला तोडगा घरच्या वहीत जसाच्या तसा वापरता येतो.

ती पन्नास वर्षं थोडक्यात सांगायला हवीत. नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये एक प्रयोग केला. घरात किती धान्य शिजतं ते प्रत्यक्ष तोलायचं, आणि आठवून सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. आठवड्याच्या आठवणीपेक्षा महिन्याची आठवण तोलाच्या अधिक जवळ जाते असं दिसलं, आणि तीस दिवसांची मुदत रूढ झाली. धान्यापुरतं हे पटण्यासारखं आहे, कारण तांदूळ महिन्याच्या हिशेबाने घरात येतो आणि महिन्याच्या हिशेबाने संपतो. पण १९९० च्या दशकात सात आणि तीस दिवसांच्या मुदती शेजारी शेजारी तपासल्या, तेव्हा सात दिवसांच्या मुदतीने अन्नावरचा खर्च जवळपास तीस टक्क्यांनी जास्त निघाला. मोजपट्टी बदलली तर देशातल्या गरिबांची संख्या कागदावर जवळजवळ निम्मी होईल, इतका हा फरक होता. १९९९-२००० च्या पाहणीत दोन्ही मुदती एकाच प्रश्नावलीत घातल्या गेल्या, आकडे एकमेकांत मिसळले आणि दारिद्र्य घटलं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाला. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटन त्या वादात अग्रभागी होते. या सगळ्यातून शेवटी तिहेरी मुदतीची रीत स्थिरावली, आणि २०२२-२३ व २०२३-२४ च्या पाहण्या तिनेच झाल्या.

गंमत अशी की ही तिहेरी रीत मराठी स्वयंपाकघराला नवी नव्हती. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरायचे, तिखट-मसाला कुटायचा, पापड-कुरडयांची वाळवणं घालायची ही बेगमी, आणि कोकणात पावसाच्या तोंडावरची आगोटीची खरेदी. महिन्याला वाण्याकडची यादी. भाजी आणि मासळी बाजाराला जाऊन त्या त्या वेळी. वर्ष, महिना आणि आठवडा हे तिन्ही हिशेब वेगळे होते, कारण वस्तूच तशा येत होत्या. या तिघांत महिना वरचढ झाला तो पगारामुळे. गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्यांनी महिन्याचं वेतन रुळवलं, आणि १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतनाची मुदत महिन्याहून लांब नसावी आणि पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या किंवा दहाव्या दिवसाआधी हातात पडावा असं ठरवून दिलं. म्हणजे महिना ही मिळकतीची मुदत आहे. खर्चाने तिच्याप्रमाणे वागायचं काहीच कारण नव्हतं, आणि तो वागतही नाही.

सगळ्यात मोठी फसगत वर्षाच्या खर्चात होते. जूनमध्ये शाळेचं शुल्क, वह्या, गणवेश आणि रेनकोट येतात. मग गणपती, मग दिवाळी. जानेवारी ते मार्च विम्याचे हप्ते. गाडीचा विमा, मालमत्ता कर, मे महिन्यातली लग्नं आणि त्यांचे आहेर. एखादी दाढ किडते, एखादा पंखा जळतो. यातला प्रत्येक खर्च आला की घरात म्हटलं जातं, ‘हा महिना जरा वेगळा होता.’ अबिगेल ससमन आणि ॲडम ऑल्टर या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमक्या याच वाक्यावर बोट ठेवलं. नेहमीच्या खर्चाचा अंदाज लोकांना बऱ्यापैकी येतो. ‘अपवादात्मक’ खर्चाचा येत नाही, कारण प्रत्येक अपवाद ते सुटा बघतात आणि अपवादांची बेरीज कधी करतच नाहीत. वेगळा नसलेला महिना वर्षात शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. त्याआधी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली होती. पुढच्या महिन्याच्या बजेटापेक्षा पुढच्या वर्षाचं बजेट प्रत्यक्ष खर्चाच्या जास्त जवळ जातं. कारण साधं आहे. महिन्याबद्दल माणसाला फाजील खात्री असते, वर्षाबद्दल नसते, आणि खात्री नसल्यामुळे तो आकडा थोडा वाढवून धरतो.

एका चौकोनी कुटुंबाचा नमुन्यादाखल हिशेब मांडू. विमा १८,००० रुपये, दोन मुलांची शाळा ४०,०००, गणपती-दिवाळी २५,०००, गाडीचा विमा आणि दुरुस्ती ९,०००, आहेर १०,०००, मालमत्ता कर ६,०००, दवाखाना १२,०००. यातला एकही आकडा चैनीचा नाही. बेरीज १,२०,००० होते, म्हणजे महिन्याला १०,०००. पन्नास हजार पगाराच्या घराने हे दहा हजार बाजूला न काढता महिन्याचं बजेट आखलं, तर ते बजेट मुळात चाळीस हजारांच्या घराने पन्नास हजार धरून आखलेलं असतं. जुलैत ते पाळलं जाईल आणि सप्टेंबरात मोडेल, आणि मोडण्याशी गणपतीच्या मोदकांचा काही संबंध नसेल. उपाय कंटाळवाणा आहे. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं विवरण काढून असे सगळे ‘वेगळे’ खर्च एका कागदावर उतरवायचे, बाराने भागायचं आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाकायची. खातं दुसरंच हवं. एकाच खात्यात ठेवलेली मनातली विभागणी पंचवीस तारखेला टिकत नाही.

आठवड्याच्या खर्चाचं दुखणं उलट आहे. तो नजरेआड राहतो तो किरकोळ असतो म्हणून. वहीत ‘किरकोळ’ किंवा ‘इतर’ असा रकाना असतो आणि महिनाअखेर तोच सगळ्यात फुगलेला दिसतो. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातला धान्याचा वाटा चार टक्क्यांहून कमी होता, आणि पेयं, फराळ व तयार खाद्यपदार्थांचा सुमारे अकरा टक्के. तांदळाच्या भावावर आपण जितकं बोलतो तितकं चहा, वडापाव आणि घरपोच येणाऱ्या जेवणावर बोलत नाही, पण पैसा तिकडे जास्त जातो. त्यात पैसे देण्याची पद्धतही बदलली. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. नोट मोडताना जी हलकी टोचणी लागते ती पडद्यावर बोट ठेवताना लागत नाही. अमेरिकेत द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या दुप्पटीच्या आसपास गेली. कार्ड आणि यूपीआय एक नव्हेत, कारण यूपीआयमध्ये बहुधा पैसे खात्यातून लगेच वजा होतात. पण हातातून काही जात नाही हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून हा खर्च आठवड्याच्या मापाने मोजायचा. मंगळवारी काय खाल्लं ते रविवारी आठवतं, तीस तारखेला नाही. आठवड्याची रक्कम ठरवताना एक चूक मात्र सर्रास होते. लोक महिन्याच्या रकमेला चाराने भागतात. चार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस, आणि वर्षात आठवडे बावन्न. राहिलेले चार आठवडे बजेटाबाहेर खाणं-पिणं होतं, आणि त्याचा दोष पुन्हा आपल्याच उधळेपणावर येतो.

इथे एक खरा आक्षेप आहे, आणि तो संख्याशास्त्रज्ञांमधूनच आला. सात दिवसांच्या मुदतीत जास्त खर्च सांगितला जातो म्हणून तो जास्त खरा कशावरून? माणूस आठव्या-नवव्या दिवसाची खरेदीही ‘परवाच तर केली’ म्हणून त्या सात दिवसांत ओढून आणतो. महिन्यात विसरल्यामुळे आकडा घटतो तसा आठवड्यात ओढाताणीमुळे तो वाढू शकतो. आक्षेप बरोबर आहे, आणि तो आठवणीवर चालणाऱ्या कुठल्याही हिशेबाला लागू आहे. पाहणी करणाऱ्याला घरात एकदा-दोनदा जाऊन विचारण्यावाचून गत्यंतर नसतं. घरातल्या माणसाची तशी अडचण नाही. त्याच्या हाताशी आपल्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं एक साधन आहे.

ते म्हणजे रोजमेळ. पेशवे दफ्तरातल्या मोडी रोजकीर्दींपासून बाजारपेठेतल्या किराणा दुकानापर्यंत ही रीत चालत आली. सकाळची आरंभीची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च आणि रात्रीची अखेरची शिल्लक. वहीतली शिल्लक गल्ल्यातल्या रोख रकमेशी जुळली तर मेळ बसला. नाही जुळली, तर काहीतरी लिहायचं राहिलं. घरखर्चाच्या बहुतेक वह्यांत नेमकं हेच नसतं. त्यांत खर्च लिहिलेला असतो, शिल्लक लिहिलेली नसते, आणि त्यामुळे राहून गेलेली नोंद कधी पकडली जात नाही. उलट मेळ घालणाऱ्याला पै-पै लिहावी लागत नाही. रविवारी खात्यात आणि पाकिटात मिळून किती होते, पुढच्या रविवारी किती आहेत, मध्ये किती जमा झाले, यावरून एकूण खर्च आपोआप निघतो. त्यातून जे आठवतं आणि नोंदलेलं आहे ते वजा केलं की उरतो ‘न आठवलेला’ खर्च. माझ्या मते घरच्या हिशेबातला सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच. तो हजारावरून दोनशेवर आला की वही कामाची झाली असं समजावं. शून्यावर आणण्याच्या नादी लागू नये. वही बंद पडण्याचं ते हमखास कारण आहे.

मोबाइलमध्ये सगळं आपोआप नोंदलं जात असताना ही वही कशाला, असं विचारलं जातं. नोंद होते, पण कशाची? किराणा दुकानाला ६४० रुपये दिले हे दिसतं. त्यात तूरडाळ किती, साबण किती आणि थंड पेयाच्या बाटल्या किती, हे बँकेला ठाऊक नसतं. मित्राला पाठवलेले ३०० रुपये उसने होते की जेवणाची वर्गणी, हेही नाही. खर्चाची रंगीत वर्तुळं काढणारी ॲप दुकानाच्या नावावरून वर्ग ठरवतात आणि जे कळत नाही ते पुन्हा ‘इतर’मध्ये टाकतात. ती निरुपयोगी नाहीत. एकूण आकडा त्यांच्याकडून घ्यावा, मेळाचं काम अर्धं होतं. पण आपोआप झालेली नोंद कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या नोंदीने खर्च बदलत नाही.

यापेक्षा जड आक्षेप असा की हे सगळं पगारदारांचं कौतुक आहे. ज्याची मिळकतच अपुरी किंवा बेभरवशाची, त्याला वह्या शिकवणं हा क्रूरपणा झाला. पहिला भाग मान्य करायलाच हवा. भाडं आणि औषधं भागवून काही उरतच नसेल तर हिशेबाने पैसा वाढत नाही. पण गरिबाला हिशेबाचं काम नसतं, हा समज चुकीचा आहे. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या घरी सुमारे पंधरा-पंधरा दिवसांनी जाऊन वर्षभर त्यांच्या पैशांची रोजनिशी ठेवली गेली. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या २००९ च्या पुस्तकात ती आली आहे. त्यातलं एकही कुटुंब आला पैसा आजच खाऊन टाकणारं नव्हतं. प्रत्येक घर उसनवारी, बचत आणि भिशीसारखे गट असे अनेक मार्ग एकाच वेळी सांभाळत होतं, कारण मिळकत जितकी लहान आणि वाकडीतिकडी, तितकी तिची जुळवाजुळव अवघड. आपल्याकडचं शेतकरी घर बघा. अनेक दूध संघांचं बिल दर दहा दिवसांनी येतं, उसाचं बिल गळीत हंगामात. दुधाच्या पैशात किराणा आणि भाजी भागवायची, उसाच्या पैशाला लग्न, घर नाहीतर कर्जफेड यांसाठीच हात लावायचा, ही विभागणी कुणी अर्थतज्ज्ञाने शिकवलेली नाही. ज्यांची मिळकत महिन्याची नाही त्यांना महिन्याच्या मापाचा मोह पडत नाही, आणि या बाबतीत ते पगारदारांच्या पुढे आहेत.

अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमीलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ च्या पुस्तकाने लोकप्रिय केलेलं, पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस आणि वीस टक्के बचत असं सूत्र आपल्या अर्थविषयक पुरवण्यांत सारखं छापलं जातं. शहरी भारतात नुसत्या अन्नावर सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास खर्च होत असताना आणि मुंबई-पुण्यात घरभाडं एवढं असताना हे सूत्र किती घरांना लागू पडेल, याची शंका घ्यायला जागा आहे. दुसऱ्याच्या टक्केवारीपेक्षा स्वतःच्या गेल्या वर्षाचे आकडे बरे.

एक आक्षेप पैशाबद्दलचा नाही, सत्तेबद्दलचा आहे. घरात वही आली की ती तपासणारा येतो, आणि तपासला जातो तो बहुधा घर चालवणाऱ्या बाईचा खर्च. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यातून आणि साड्यांच्या घड्यांतून निघालेल्या पैशांनी किती घरं चकित झाली ते सर्वांना आठवत असेल. ते पैसे घरखर्चातूनच वाचवलेले होते, आणि ते टिकले ते कुठल्याही वहीत नव्हते म्हणून. अशी अडीच लाखांपर्यंतची रक्कम गृहिणीने त्या काळात बँकेत भरली असेल तर ती अघोषित उत्पन्न धरू नये, असं आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने २०२१ मध्ये म्हटलं. कायद्याने मान्य केलेली ही मोकळीक घरच्या वहीने काढून घेऊ नये. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या नावे दरमहा एक रक्कम असावी, तिच्यापुढे फक्त ‘दिले’ एवढं लिहावं आणि तिचं काय झालं ते कुणी विचारू नये. हिशेबाच्या दृष्टीनेही हे सोयीचं पडतं, कारण विचारणा होणार असेल तर लोक खोटं लिहितात, आणि मेळ बसलेली खोटी वही न बसलेल्या खऱ्या वहीपेक्षा वाईट.

हे करून पाहणाऱ्याने पहिल्या महिन्यात कुठलीही काटकसर करू नये आणि बजेटही आखू नये. वर उल्लेखलेल्या रोजनिश्यांच्या अभ्यासातही सुरुवातीच्या भेटींत आलेला आणि गेलेला पैसा जुळत नव्हता. भेटी वाढल्या तसा तो जुळू लागला. निदान चार रविवार नुसता मेळ घालावा, गेल्या वर्षाचे ‘वेगळे’ खर्च एका कागदावर उतरवावेत, आणि मगच महिन्याचा आकडा ठरवावा. सुरुवातीला रविवारचीही वाट बघायला नको. आजची तारीख घाला आणि तिच्यापुढे दोन आकडे लिहा, खात्यात किती आणि पाकिटात किती.